ठराव मंजूर झाला, पाणी मिळालं नाही : महाड नगरपालिकेची १९२४ ते १९३७ ची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा. पुढे ढकलायची असेल तर आधी निदान अर्धी तरी वाचा.

गेले काही दिवस एकच प्रश्न फोनवर, टपरीवर आणि इनबॉक्समध्ये येतोय. "भाऊ, सर्वसाधारण सभेत ठराव झाला ना? मग काम का होत नाही?" प्रश्न जुन्या नाक्यापलीकडच्या वस्तीच्या नळजोडणीचा आहे, हे सांगायची गरज नाही. सूचक आहे, अनुमोदक आहे, 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा आहे. फोटोही आले होते, हार घातलेले. पण पाइप आलेला नाही.

यावर चिडून लिहिण्यापेक्षा म्हटलं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध नगरपालिका ठरावाची गोष्ट सांगावी. दर वर्षी २० मार्चला आपण सगळे चवदार तळ्याचा फोटो टाकतो, अभिवादन करतो. ते करायलाच पाहिजे. पण हा सगळा प्रकार मुळात एका नगरपालिकेच्या ठरावावरून सुरू झाला, आणि तो ठराव पास होऊन तीन वर्षं कागदावर पडून होता, हे किती जणांना माहीत आहे? मी पंचवीसेक वर्षं नगरपालिकेच्या सभा कव्हर करतोय, म्हणून मला ही गोष्ट एखाद्या फाइलीसारखी दिसते. आज ती फाइल उघडतो.

फाइलीतला पहिला कागद महाडचा नाही, मुंबईचा आहे. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने हे सगळं अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावं, असा तो ठराव. भाषा अगदी स्पष्ट. पळवाट नाही.

मग ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारी हुकूम निघाला. तो वाचला की मला हसूही येतं आणि रागही येतो. सरकारच्या स्वतःच्या खात्यांना सांगितलं, अंमल करा. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत काय म्हटलं? तर कलेक्टरांनी आपल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना असा सल्ला द्यावा, की त्यांनी ही शिफारस स्वीकारणं इष्ट आहे का याचा विचार करावा. बघा म्हणजे. सल्ला द्यावा. विचार करावा. इष्ट आहे का. शंभर वर्षं झाली, पण मंत्रालयातून येणाऱ्या पत्रांची भाषा काही फार बदललेली नाही. ज्यांनी 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' हे वाक्य वाचलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

तरी महाड नगरपालिकेने तो विचार केला, हे तिच्या नावावर जमा करायला हवं. ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं अस्पृश्यांसाठी खुलं करायला हरकत नाही, अशा आशयाचा ठराव तिथे झाला. यामागे सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस होते. कायस्थ प्रभू घरातला माणूस, नगरपालिकेतला पुढारी, आणि पुढे बाबासाहेबांचा शेवटपर्यंतचा साथी. त्या काळात कितीतरी पालिकांनी कलेक्टरच्या पत्राला केराची टोपली दाखवली असेल. महाडने दाखवली नाही.

महाडच का, असा प्रश्न पडतो. महाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचं, सावित्री नदीवरचं व्यापारी गाव, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. वस्ती सात-आठ हजाराच्या घरात, म्हणजे आपल्या एका मोठ्या वॉर्डाएवढी. पण महाड-दापोली पट्ट्यात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली महार मंडळी होती. ते लिहिणारे-वाचणारे लोक होते, अर्ज करणारे होते. जवळच्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यापैकीच एक. त्यांची १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना ते पचलं नव्हतं. त्याची चर्चा वर्तमानपत्रांतही झाली होती. म्हणजे स्थानिक संस्थेतली खुर्ची आणि पाणी, दोन्हींचा वाद त्या भागात जुनाच.

तर १९२४ ला ठराव झाला. पुढे?

पुढे काहीच नाही. १९२४ गेलं, १९२५ गेलं, १९२६ गेलं. तळ्यावर कुणी अस्पृश्य माणूस पाण्याला गेला नाही, कारण गेला तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं आणि ठराव करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. नुसत्या ठरावाने पाणवठा उघडत नाही. दवंडी द्यावी लागते, पाटी लावावी लागते, पहिले काही दिवस शिपाई उभा करावा लागतो, आणि कुणी अडवलं तर त्याच्यावर कारवाई करणार असं पालिकेने तोंडाने सांगावं लागतं. यातलं काही झालं नाही.

शिवाय तळ्याची जागा बघा. पुढे हायकोर्टाच्या निकालात तिचं वर्णन आलंय. चार ते पाच एकराचं तळं, बरंचसं नैसर्गिक, थोडंफार बांधून काढलेलं. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंची घरं आणि थोडी मुसलमानांची. आणि गंमत म्हणजे तळ्याच्या काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, पाण्यात उतरायच्या पायऱ्या, बांधीव कठडे, यातलं बरंच काही त्या घरमालकांच्या मालकीचं. म्हणजे पाणी सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक, आणि दोन्हींच्या मधली पायरी खासगी! हा प्रकार आपल्याकडे कुणाला नवीन आहे का? नळपाणी योजनेची विहीर पालिकेची, आणि विहिरीकडे जाणारा रस्ता कुणाच्या तरी सातबाऱ्यात. निम्मी भांडणं तिथेच अडतात.

इकडे मुंबईत बोले गप्प बसले नव्हते. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा, असा. आता मुद्दा खिशाला लागला. मला बोले यांचं फार कौतुक वाटतं ते यासाठी. ठराव मांडून सत्कार घेणारे खूप असतात. तीन वर्षांनी परत येऊन 'त्याचं काय झालं' असं सभागृहात विचारणारा विरळा.

यानंतरची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जुळवाजुळव करण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक तरुण पुढे होते. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. हजारोंनी माणसं आली, कोकणातून, देशावरून, पायी सुद्धा. आणि या माणसांना प्यायला पाणी नव्हतं. चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये! ज्या गावाच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केलाय, त्या गावात, त्या तळ्यापासून काही अंतरावर, पाणी विकत. सगळ्या हकिगतीत मला हा तपशील सगळ्यात जास्त बोचतो. मिरवणुकीचं चित्र डोळ्यांसमोर सहज येतं. त्या चाळीस रुपयांच्या हिशेबाचा कागद मात्र कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की पालिकेने ठराव केलाय, तो आज आपण अमलात आणू या. परिषद उठली आणि रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग इतरांनी. पुढे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, परतीला निघालेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्याबद्दल जूनमध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. दरम्यान पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. मुसलमान त्या तळ्याचं पाणी वापरत होते, तेव्हा शुद्धीची गरज पडली नव्हती, एवढंच नोंदवून ठेवतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची राहते. महाडनंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. इतर वर्तमानपत्रांत महाडबद्दल काय छापून येतंय हे बघितल्यावर आपलं पत्र असल्याशिवाय भागणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. 'मूकनायक' १९२० ला निघून बंद पडलं होतं. ज्याच्याकडे छापखाना नाही त्याचा दंगलीचा वृत्तांत दुसरा लिहितो.

आता फाइलीतला तो कागद, ज्यासाठी हा खटाटोप.

४ ऑगस्ट १९२७. महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला.

तारीख परत वाचा. मुंबईला बोल्यांचा ठराव पास झाला ४ ऑगस्ट १९२३ ला. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, महाडने माघार घेतली. हा योगायोगच असणार, पण काय योगायोग!

आणि क्रम लक्षात घ्या. साडेतीन वर्षं हा ठराव दप्तरात होता, तेव्हा तो रद्द करायची कुणाला घाई झाली नव्हती. कारण त्याचा कुणालाच त्रास नव्हता. पालिकेला कलेक्टरकडे दाखवायला कागद होता, गावाला रोजची वहिवाट होती. ज्या दिवशी लोकांनी तो ठराव खरा समजून वापरला, त्या दिवसापासून तो डोळ्यांत खुपायला लागला. माझ्या सभागृहातल्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. न वापरलेल्या ठरावाला कुणीच विरोध करत नाही. विरोधी बाकावरचेही 'सर्वानुमते' म्हणून मोकळे होतात.

सुरबानानांसारखे लोक पालिकेत असताना असं कसं झालं, असं कुणी विचारेल. बहुमत नावाची गोष्ट असते, आणि त्या बहुमतावर गल्लीचा दाब असतो. नगरसेवकाला मुंबईच्या कौन्सिलात बसायचं नसतं, संध्याकाळी त्याच आळीत घरी जायचं असतं.

बाबासाहेबांनी उत्तर म्हणून डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा सनातनी मंडळी कोर्टात गेली. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा, चौदा तारखेला तात्पुरता मनाई हुकूम. दाव्यातलं म्हणणं असं, की चवदार तळं हे फक्त स्पृश्यांच्या वापराचं, अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही, आणि हीच पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. ज्यांच्याविरुद्ध दावा त्यात पहिलं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेला. पण तळ्याचा प्रश्न समोर होताच. सत्याग्रहाला नाव नोंदवून हजारो लोक बसलेले, आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलून गेले. खूप खल झाला. शेवटी सत्याग्रह तहकूब करायचं ठरलं. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला हात न लावता. एवढ्या लोकांना पाण्याच्या काठावरून तसंच परत नेणं हे मार्चपेक्षा अवघड काम होतं, असं माझं मत. जमावापुढे 'थांबा' म्हणणारा पुढारी आज शोधून दाखवा.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालत राहिला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ ला, डॉ. आंबेडकरांच्या बाजूने. ठाण्याला अपील, ते १९३३ ला फेटाळलं. मग मुंबई हायकोर्ट. तिथला निकाल १७ मार्च १९३७ चा, न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांचा. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.

निकाल वैद्य विरुद्ध आंबेडकर या नावाने ओळखला जातो. त्यात 'सगळी माणसं समान' असं काही भाषण नाही. निकाल दोन साध्या गोष्टींवर उभा आहे. एक, तळं कुणाच्या मालकीचं? नगरपालिकेचं. सिटी सर्व्हेची नोंद होती, कायदा होता, खासगी मालकीचा दावा टिकला नाही. दोन, अस्पृश्यांना बंदीची रूढी सिद्ध झाली का? रूढी कायद्याला मान्य व्हायची तर ती अनादि काळापासूनची आहे हे दाखवावं लागतं. अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते हे खरं, पण 'कुणी येत नव्हतं' म्हणजे 'येऊ न देण्याचा हक्क आम्हाला होता' असं होत नाही. तो हक्क वादींना सिद्ध करता आला नाही. अपील फेटाळलं.

जानेवारी १९२४ ते मार्च १९३७. तेरा वर्षं. एका तळ्यावर पाणी प्यायला 'हरकत नाही' एवढं नक्की व्हायला. त्याच सुमाराला, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातून मुंबईच्या असेंब्लीत गेले आणि चित्रे, सुरबानाना टिपणीस हेही त्याच पक्षाकडून निवडून आले.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पालिकेने ठराव रद्द केला होता, तरीही बाबासाहेब खटला जिंकले. कारण त्यांचा पाया ठरावावर नव्हता, तळं सार्वजनिक मालमत्ता आहे या नोंदीवर होता. नगरसेवकांना ठराव मागे घेता आला, मालकीची नोंद मागे घेता आली नाही.

म्हणून आपल्या वस्तीच्या नळाबद्दल मी ठरावाची प्रत नाचवत बसलेलो नाही. आपल्याकडे मधली काही वर्षं प्रशासक होता. लोकनियुक्त सभाच नव्हती, त्या काळात किती विषय आले-गेले ते बाहेर फारसं कळलंच नाही. आता सभा भरायला लागली, ठराव होतायत, चांगलं आहे. पण नुसता ठराव वाचून उपयोग नाही. त्याच्यापुढे किती रकमेची तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली केली? तांत्रिक मंजुरी झाली का? पाइपलाइन जाणार ती जमीन पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत आहे, की मधे कुणाची 'पायरी' आहे? शिवाय नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी स्थगित करू शकतात, तसा काही अर्ज कुणी गुपचूप केलाय का? हे चार प्रश्न मी माहिती अधिकारात टाकले आहेत. 'हा आमच्याविरुद्ध लिहितो' असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकेन, मग ते कुणाच्याही सोयीचं असो.

महाडच्या फाइलीतला शेवटचा कागद राहिला. १९२३ च्या ठरावातली ती यादी आठवते ना, सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी वगैरे? आता भारतीय संविधानाचं कलम १५, पोटकलम २ काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादी आहे, जे राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखले जातात किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही तिथे अटकाव करता येणार नाही. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. मसुदा समितीचा अध्यक्ष तोच, ज्याचं नाव महाडच्या दाव्यात पहिल्या क्रमांकाचा प्रतिवादी म्हणून लिहिलेलं होतं. आणि 'तलाव' हा शब्द त्या यादीत आहे.